नोंदवही कुणाची? महामारी, बायका आणि माहितीपट

(नाशिक येथे दिलेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याचा बाज शक्यतो तसाच ठेवला आहे.)



आजचा विषय जरा लांबलचक आहे. महामारीच्या काळात बायकांनी डेटाचा वापर कसा केला, आणि त्यावर माहितीपट करायचा तर तो कसा करावा. मी सिनेमा करणारा माणूस नाही. आयुष्य तत्त्वज्ञान शिकवण्यात गेलं. त्यामुळे कॅमेरा कुठला घ्यावा, हे मला विचारू नका. पण तत्त्वज्ञानाच्या मास्तरला एक खोड असते. तो शब्दाला धरून बसतो आणि विचारतो, बाबा रे, तुला नेमकं म्हणायचंय काय? आपल्या विषयात ‘बायका’, ‘डेटा’ आणि ‘वापर’ असे तीन शब्द आहेत. माझं म्हणणं असं की अशा माहितीपटांचा घोळ तिसऱ्या शब्दापाशी होतो. कसा, ते सांगतो.

आपल्या शहरातली काही तरुण मुलंमुली असा माहितीपट करायच्या तयारीत आहेत. त्यांनी आराखडा मला वाचायला दिला. त्यांच्या परवानगीनंच त्यावर बोलतोय. आराखडा असा: सुरुवातीला ड्रोनमधून दिसणारा ओस पडलेला गोदाघाट. मग रुग्णवाहिकेचा आवाज. मग लाल रंगाचा चढत जाणारा आलेख. मग वॉर रूममध्ये स्क्रीनसमोर उभी असलेली महिला अधिकारी. मग चिखल तुडवत निघालेली आशाताई, पाठीमागे बासरी. आणि शेवटी मे २०२२. जागतिक आरोग्य संघटनेनं भारतातल्या दहा लाखांवर आशा स्वयंसेविकांचा गौरव केला, ती बातमी.

यातलं एकही दृश्य खोटं नाही. तरी सगळी दृश्यं ओळीनं लावली की काहीतरी खोटं तयार होतं. स्क्रीनसमोरची बाई विचार करते आणि चिखलातली बाई चालते, असं ते होतं. एकीला डोकं आणि दुसरीला पाय. आलेख पहिलीचा, बासरी दुसरीची. मला या वाटपाबद्दल बोलायचं आहे.

आधी ‘डेटा’ हा शब्द घेऊ. मराठीत त्याला ‘विदा’ असा प्रतिशब्द काढलाय, काही लोक तो नेमानं वापरतात, चांगलं आहे. पण मूळ लॅटिन शब्दाचा अर्थ ‘दिलेलं’ असा आहे. आपल्याकडचा ‘दत्त’ आणि तिकडचा ‘डेटा’ ही एकाच धातूची भावंडं. म्हणजे डेटा ही कुणीतरी कुणालातरी दिलेली गोष्ट आहे. बोरं वेचावीत तसा तो रानात पडलेला नसतो. माणूस दारात उभा राहतो आणि आतली बाई ठरवते, याला सांगायचं की नाही. घरात ताप कुणाला आहे, मुंबईहून कोण आलंय, सासऱ्यांची शुगर किती, सून कितव्या महिन्यात आहे. हे ‘देणं’ आहे. आणि द्यायचं की नाही, हे घेणारा कोण आहे त्यावर ठरतं.

याचा पुरावा आपल्या इतिहासात आहे. १८९७ साली पुण्यात प्लेग होता. साथरोगाचा कायदा त्याच वर्षी फेब्रुवारीत झाला. सरकारनं घरोघर तपासणी सुरू केली. हेतू काय होता? रोगी कुठे आहे हे कळावं. आजच्या भाषेत सांगायचं तर डेटा गोळा करणं. पण उंबरठ्यावर आले ते गोरे सोजिर. माजघरात, देवघरात, बायकांच्या अंगाला हात लावण्यापर्यंत मजल गेल्याच्या तक्रारी झाल्या. लोक रोगी लपवायला लागले. २२ जूनच्या रात्री रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या, पुढचं तुम्हाला ठाऊक आहे. त्याच साथीत, त्याच पुण्यात, सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करत होत्या. १० मार्च १८९७ ला त्या प्लेगनंच गेल्या. रोगी कुठे आहे हे सावित्रीबाईंनाही कळत होतंच की. फरक इतकाच, की त्यांच्यापासून तो कुणी लपवत नव्हतं.

आता १२३ वर्षांनी पुढे या. मार्च २०२० मध्ये महाराष्ट्रानं तोच १८९७ चा कायदा लागू केला. कायदा तोच, प्रश्न तेच, घराघरात जायचं तेच. या खेपेला उंबरठ्यावर आली ती गल्लीतलीच बाई. लोकांच्या बाळंतपणाला जिनं दवाखान्यात नेलं, पोरांच्या लशीच्या तारखा जिला तोंडपाठ, ती. २०२० च्या आधीचे काही महिने देशात नागरिकत्वाच्या याद्यांवरून रान पेटलेलं होतं. नाव, गाव, घरात माणसं किती, असं कुणी विचारलं की लोक बिचकत होते. त्या एप्रिलमध्ये आपल्या जिल्ह्यातलं मालेगाव साथीचं मोठं केंद्र झालं. अशा वेळी दार उघडणं हे साधं काम नाही. दार कुणी उघडायला लावलं, कोणत्या शब्दांनी, किती खेपा घालून, हा माहितीपटाचा विषय आहे. चिखल तुडवणं नव्हे.

इथे कुणी म्हणेल, सर, तुम्ही आशाताईंना फार गोड करून सांगताय. मान्य. शेजारीण ही काही देवदूत नसते. घरी विलगीकरणात ठेवलेल्यांच्या हातावर त्या काळात शिक्के मारले गेले, दारांवर कागद चिकटले. शेजारणीला कळलं की गल्लीला कळतं, ही भीती खोटी नव्हती. ‘दिलेलं’ केव्हा ‘काढून घेतलेलं’ होतं, ही रेघ बारीक आहे आणि ती रेघ या बायका रोज चालत होत्या. चांगल्या माहितीपटानं हा ताण दाखवला पाहिजे. नुसता जयजयकार केला की ताण नाहीसा होतो. मग माणूसही नाहीसं होतं.

आता मुख्य शब्द. ‘वापर’.

तीन क्रियापदं वेगवेगळी करून पाहू: गोळा करणं, पाठवणं आणि वापरणं. १५ सप्टेंबर २०२० ला राज्यात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. पथकं घरोघर गेली. ताप मोजायचा, बोटाला ऑक्सिमीटर लावायचा, मधुमेह, रक्तदाब, इतर आजार विचारायचे, लिहायचं आणि ॲपमध्ये भरायचं. सुरगाणा-पेठच्या पाड्यांवर ज्यांचं जाणं-येणं आहे त्यांना ‘रेंज’ हा काय प्रकार आहे ते सांगायला नको. वहीतला आकडा वर निघाला. उपकेंद्र, प्राथमिक आरोग्य केंद्र, तालुका, जिल्हा, राज्य. संध्याकाळी टीव्हीवर आला. प्रश्न असा आहे की खाली काय आलं? माझ्या गावात या आठवड्यात काय चाललंय, शेजारच्या गावात काय, म्हणून मी उद्या कुठल्या घरापासून सुरुवात करावी, हे त्या बाईला तिच्याच आकड्यांतून परत मिळालं का? की फक्त पुढचा आदेश आला? जिथे फक्त आदेश आला, तिथे तिनं डेटा ‘वापरला’ असं म्हणणं ही भाषेची लबाडी आहे. तिथे व्यवस्थेनं तिला वापरलं.

पण एवढ्यावर थांबलो तरी तिच्यावर अन्याय होईल, कारण ती स्वतः विचार करतच होती. समजा, ऑक्सिमीटर ९६ दाखवतोय, पण म्हातारी चुलीपासून दारापर्यंत येताना दोनदा थांबली. आकडा म्हणतो ठीक आहे. बाई म्हणते ठीक नाही, आणि ती परत संध्याकाळी जाते. हा निर्णय आहे. आकड्यावर कधी विश्वास ठेवायचा आणि कधी नाही, हे कळणं म्हणजेच आकडा कळणं. तत्त्वज्ञानात मिरांडा फ्रिकर नावाच्या बाईंनी २००७ साली एक पुस्तक लिहिलं. त्यातली कल्पना मी माझ्या शब्दांत सांगतो. माणसाचं म्हणणं तो कोण आहे यावरून हलकं धरलं, तर तो अन्याय त्याच्या ‘जाणता’ असण्यावरचा असतो. आपण त्याला ज्ञानात्मक अन्याय म्हणू. आशाताईला ‘त्यागमूर्ती’ म्हणणं हा मला अशाच अन्यायाचा गोड प्रकार वाटतो. त्याग केला म्हटलं की तिला काय कळत होतं, हे विचारायची गरज उरत नाही. आणि पगार विचारायचीही. जून २०२१ मध्ये राज्यातल्या आशा आणि गटप्रवर्तक संपावर गेल्या, तेव्हा मागणी मानधनाची होती. आराखड्यात पुरस्कार आहे, संप नाही. हे मी त्या मुलांना लिहून कळवलंय.

बाईच मोजते आणि बाईच वापरते, असं झाल्याचं उदाहरण आपल्याकडे आहे का? आहे. महामारीच्या कितीतरी आधी, गडचिरोलीत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’नं गावातल्याच थोड्या शिकलेल्या बायकांना आरोग्यदूत केलं. नवजात बाळाचं वजन, ताप, श्वास यांच्या नोंदी त्याच ठेवायच्या, आणि त्या नोंदीवरून बाळाला जंतुदोष झालाय का हे त्याच ठरवायच्या आणि इंजेक्शनही त्याच द्यायच्या. ३९ गावांतलं हे काम १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये छापून आलं. त्या गावांतले नवजात बालमृत्यू निम्म्याहून खाली आले होते. मोजणारा हात आणि निर्णय घेणारा हात एकच होता, हे मला इथे महत्त्वाचं वाटतं. आकडा वर जाऊन परत यायची वाट बघत नव्हता.

महामारीतलंही उदाहरण आहे. दुसऱ्या लाटेनंतर गावोगाव तरुण विधवा झालेल्या बायका होत्या. सरकारी तक्त्यात मृत्यूचा रकाना होता, मागे राहिलेल्या बाईचा नव्हता. हेरंब कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘कोरोना एकल महिला पुनर्वसन समिती’ उभी केली. तालुक्या-तालुक्यात याद्या झाल्या. नाव, वय, मुलं किती, जमीन कुणाच्या नावावर, कर्ज किती. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्य सरकारनं ‘मिशन वात्सल्य’ आणलं. याद्या करताना आणि तहसीलमध्ये त्या घेऊन जाताना पुष्कळ ठिकाणी त्या एकल बायका स्वतः पुढे होत्या. याला मी डेटाचा वापर म्हणतो. यादी मोठ्यानं वाचली गेली आणि समोरच्या टेबलावरच्या माणसाला उत्तर द्यावं लागलं.

आणि इथे काय पणाला लागलं होतं ते बघा. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२१ च्या आदेशांमुळे कोविडनं गेलेल्या माणसाच्या कुटुंबाला पन्नास हजार रुपये मिळू लागले. म्हणजे मृत्यू ‘कोविडचा’ म्हणून नोंदला गेला की नाही, हा आकडेशास्त्राचा प्रश्न राहिला नाही, घरातल्या किराण्याचा झाला. नोंदींचं काय होत होतं? १६ जून २०२० या एका दिवशी महाराष्ट्रानं आधी न धरलेले १,३२८ मृत्यू आपल्या आकड्यात घातले. २०२१ अखेर देशाचा अधिकृत आकडा ४ लाख ८१ हजारांच्या आसपास होता. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं २०२० आणि २०२१ या दोन वर्षांतल्या भारतातल्या जादा मृत्यूंचा अंदाज ४७ लाख दिला. केंद्र सरकारनं ती पद्धतच अमान्य केली. तो वाद मी इथे सोडवणार नाही. मला एवढंच म्हणायचंय, की या दोन आकड्यांच्या मधे जी माणसं आहेत त्यांची नावं कुठल्यातरी वहीत आहेत, आणि ती वही बहुतेक वेळा एखाद्या बाईच्या हातची आहे. माहितीपटाला जायचं असेल तर तिथे जावं.

आता सिनेमाकडे येतो.

आकडा पडद्यावर दाखवायचा कसा, ही खरी अडचण आहे. सोपा उपाय आलेख. आलेखाची ताकद मी नाकारत नाही. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये क्रिमियातल्या मृत्यूंची जी पाकळ्या-पाकळ्यांची आकृती काढली, तिनं सरकार हललं. ‘दिवा घेतलेली बाई’ म्हणून आपण त्यांना शाळेत शिकलो, आकडेमोड करणारी बाई म्हणून शिकलो नाही, हेही लक्षात घ्या. पण त्याच नाइटिंगेलनी पुढे हिंदुस्थानातल्या आरोग्यावर वर्षानुवर्षं लिहिलं, तेव्हा त्या इथे एकदाही आल्या नव्हत्या. छावण्यांना प्रश्नावल्या गेल्या, उत्तरं आली, त्यावर त्यांनी काम केलं. मोठं काम आहे, आणि तरी ते आलेखाच्या टोकाकडून पाहिलेलं आहे. उंबरठा त्यात नाही.

दुसरा रस्ता दीपा धनराज यांचा. ‘समथिंग लाइक अ वॉर’, १९९१. विषय कुटुंब नियोजन, म्हणजे शस्त्रक्रियांची उद्दिष्टं, टार्गेटं. या चित्रपटात एकीकडे शस्त्रक्रियांचा सपाटा आहे, आकड्यांचा अभिमान आहे. दुसरीकडे साध्या बायका गोल करून बसल्यात, शरीराचं चित्र काढून त्यावर बोलताहेत. कुठलंही निवेदन सांगत नाही की कोण बरोबर. पण त्या बायकांना आपल्या शरीराबद्दल जे माहीत आहे, ते टार्गेटच्या रकान्यात मावत नाही, हे बघणाऱ्याला आपोआप कळतं. आपल्या मुलांनी हा चित्रपट बघितलाच पाहिजे. त्यातल्या बायका विषय नाहीत, जाणत्या आहेत.

तिसरं उदाहरण वुहानचं, ‘७६ डेज’. दवाखान्यातल्या परिचारिका मृतांचे मोबाइल आणि सामान जपून ठेवतात, नातेवाइकांना फोन करतात. एकाही आलेखाशिवाय आकडा म्हणजे काय ते अंगावर येतं. मात्र तो चित्रपट सत्तेबद्दल फारसं बोलत नाही. ते नान्फू वांग यांच्या ‘इन द सेम ब्रेथ’मध्ये आहे. आकडा कोण सांगतं, कोण दाबतं, हा त्यांचा प्रश्न, आणि तो त्या चीनलाही विचारतात, अमेरिकेलाही.

कॅमेऱ्याची एक मर्यादा आपण नाशिककरांनी पाहिली आहे. २१ एप्रिल २०२१ ला महापालिकेच्या रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागली आणि २२ रुग्ण गेले. तो पांढरा धूर देशानं पाहिला. तो आकडा आपण विसरत नाही, विसरूही नये. पण ज्या मृत्यूला धूर नव्हता, जो घरात, रात्री, पाड्यावर झाला, तो कॅमेऱ्याला दिसत नाही. तो फक्त वहीला दिसतो. म्हणून वहीचा सिनेमा करायला हवा.

वहीचा सिनेमा होतो का? आपल्याच मातीतलं उत्तर आहे. त्र्यंबकेश्वरला जन्मलेले दादासाहेब फाळके. ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ चा. त्याच्या आधी, १९१२ मध्ये, भांडवल मिळावं म्हणून त्यांनी एक छोटी फिल्म केली. कुंडीत वाटाण्याचं बी लावलं, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण केलं. ‘अंकुराची वाढ’. पडद्यावर मिनिटभरात रोप वाढतं. मला विचाराल तर हा डेटाचाच माहितीपट आहे. रोज एक नोंद, तीच जागा, तीच शिस्त, आणि मग नोंदी एकापुढे एक लावल्यावर दिसणारी गोष्ट. आशाताईची वही याच जातीची आहे. आणि त्या फाळक्यांच्या घरात फिल्मला छिद्रं पाडणं, रसायनं हाताळणं, सगळ्या मंडळींचा स्वयंपाक करणं, हे सरस्वतीबाई करत होत्या. पडद्यावर त्यांचं नाव कुठे होतं? शंभर वर्षांनी आपण तीच चूक नव्या विषयात करायची का?

म्हणून त्या मुलांना माझ्या सूचना फार साध्या आहेत.

ड्रोन परत करा, त्या पैशात एका गावात महिनाभर राहा. एक उपकेंद्र, एक वही. त्या वहीतल्या एका पानावरची प्रत्येक नोंद कशी झाली, ते जिनं लिहिली तिच्याकडून ऐका. कुठे खोडलंय, का खोडलंय, ते विचारा. खाडाखोडीत तिचा विचार सापडेल. पानावरची रोग्यांची नावं मात्र पडद्यावर येऊ देऊ नका. लोकांनी ती तिला दिली होती, तुम्हाला नाही.

मुलाखत घेताना तिचे साहेब खोलीत नसावेत. त्यांच्यासमोर ती ‘सगळं सहकार्य मिळालं’ असंच म्हणणार. तिला नोकरी करायची आहे. ती काही बोलली आणि नंतर नको म्हणाली, तर काढून टाका, तुमचं कितीही चांगलं दृश्य असलं तरी.

वॉर रूममधली अधिकारी ठेवा. तिचंही काम खरं आहे. पण तिला विचारा, खालून आलेला आकडा तुम्हाला चुकीचा वाटला तेव्हा तुम्ही फोन कुणाला केलात? आणि तोच प्रश्न आशाताईला विचारा, वरून आलेला आदेश चुकीचा वाटला तेव्हा तुम्ही कुणाला सांगितलंत? या दोन उत्तरांमधलं अंतर म्हणजे तुमचा माहितीपट.

बासरी काढा. संप घाला. पुरस्कार हवा तर ठेवा, पण मानधनाच्या रकमेशेजारी ठेवा.

श्रेयनामावलीत ‘संशोधन’ या शब्दाखाली वही लिहिणारीचं नाव घाला, अर्थात तिची तयारी असेल तर. ‘विशेष आभार’मध्ये नको. आभार पाहुण्यांचे मानतात.

आणि शेवटचं. फिल्म पूर्ण झाली की महोत्सवाला पाठवायच्या आधी ती उपकेंद्राच्या अंगणात लावा, आणि त्या बायकांना ‘आवडली का’ असं विचारू नका. आवडली म्हणतीलच त्या, घरी आलेल्याला चहा विचारतात तशा. त्यांना विचारा, यातलं चुकीचं काय आहे? त्या जे सांगतील ते लिहून घ्या, आणि परत संकलनाला बसा.

 प्रश्न असतील तर घेऊ.